'येस' दाबताच येत नाही: घरच्या कॉम्प्युटरचा ॲडमिन परत कसा मिळवायचा

प्रश्न एका ताईंचा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत राहतात, घरून कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी घेतात. घरात असेंबल केलेला डेस्कटॉप, त्यात विंडोज १०. दिवाळीत भाचा आला आणि 'मावशी, व्हायरस येऊ नये म्हणून सेटिंग करून देतो' म्हणून त्यानं त्यांचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरवरून (थोडक्यात ॲडमिन, म्हणजे मशीनवर काहीही बदलायचा हक्क असलेलं खातं) स्टँडर्ड (फक्त रोजच्या वापराचं) केलं. आता नवीन प्रिंटरचा ड्रायव्हर घालायला गेलं की परवानगीचा चौकोन येतो, पण त्यातलं 'येस' पुसट दिसतं, दाबताच येत नाही. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल. एक्सेलमध्ये तीन वर्षांच्या ऑर्डरी आणि लेकीचे फोटो आहेत. काय करू?

ताई, आधी फॉरमॅट थांबवा. मशीन बिघडलेलं नाही, हार्ड डिस्क गेलेली नाही, ऑर्डरी आहेत तिथंच आहेत. घराचं दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली, एवढंच झालंय. त्यासाठी घर पाडायचं नसतं.

भाच्यालाही फार बोलू नका. त्याचा विचार मुळात बरोबर होता. रोजच्या वापराचं खातं स्टँडर्डच असावं, मी माझ्या घरीही तसंच ठेवलंय. चूक एवढीच की दुसरं ॲडमिन खातं तयार न करताच त्यानं तुमचं खाली उतरवलं.

आता त्या चौकोनाकडं नीट बघा, कारण त्यातच निम्मं उत्तर असतं. तो दोन तऱ्हेचा येतो. एकात कुणाचं तरी नाव असतं, 'ओनर' किंवा 'यूजर' असं काहीतरी, आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. याचा अर्थ मशीनवर ॲडमिन जिवंत आहे, फक्त तो तुम्ही नाही. तो बहुधा विंडोज टाकून देणाऱ्यानं बनवलेला असतो. तेव्हा काखेत कळसा आणि गावाला वळसा नको, सरळ त्याला फोन करून पासवर्ड विचारायचा. आमच्या धंद्यातली बरीच मंडळी सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड घालतात, त्यामुळं त्याला तो झोपेतही आठवेल. दुसऱ्या तऱ्हेत नाव नाही, चौकट नाही, 'येस' पुसट आणि फक्त 'नो' चालू. म्हणजे मशीनवर चालू असलेला एकही ॲडमिन शिल्लक नाही. तुम्ही सांगताय ते हे दुसरं दिसतंय.

पण फोनवर ऐकलेल्या वर्णनावर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. खात्री करून घेऊ. स्टार्ट दाबा, सीएमडी टाइप करा, एंटर. काळी खिडकी उघडेल. मी गिऱ्हाइकाला फोनवर सांगतो तसंच सांगतो: नेट, स्पेस, लोकलग्रुप (हा एकच शब्द, मध्ये जागा नाही), स्पेस, ॲडमिनिस्ट्रेटर्स, एंटर. शेवटचा एस विसरू नका. तो विसरला की '१३७६' नंबरची एरर येते आणि माणूस घाबरून फोन ठेवतो. त्या एररचा अर्थ एवढाच, की या नावाचा गट सापडला नाही. बरोबर टाइप केलंत तर ॲडमिन गटातल्या खात्यांची यादी येईल. यादी नुसती बघायला ॲडमिन असावं लागत नाही.

या यादीत 'ॲडमिनिस्ट्रेटर' हे एक नाव हमखास असतं. ते विंडोजचं स्वतःचं, जन्मापासूनचं खातं. ते दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते चालू आहे का ते बघायला नेट, स्पेस, यूजर, स्पेस, ॲडमिनिस्ट्रेटर, एंटर. (इथं मात्र एस नाही. का, ते मला विचारू नका.) आलेल्या मजकुरात 'अकाउंट ॲक्टिव्ह' असं लिहिलेल्या ओळीपुढं 'नो' असेल.

हे खातं पूर्वी एवढं झाकलेलं नसायचं. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या होम आवृत्तीत ते सेफ मोडमध्ये (म्हणजे मशीन अगदी जरुरीपुरत्या गोष्टींवर सुरू केल्यावर) समोर यायचं आणि त्याला बहुतेक वेळा पासवर्डच नसायचा. त्या काळात कुणी पासवर्ड विसरला म्हणून आला, की आम्ही त्याला चहा सांगायचो आणि चहा यायच्या आत मशीन उघडून द्यायचो. २००७ साली व्हिस्टा आलं, त्याबरोबर तुम्हाला छळणारा हा परवानगीचा चौकोन आला, आणि तेव्हापासून हे जन्मजात खातं मुळातच बंद ठेवलेलं असतं.

आता एक गंमत. विंडोज आपल्या सेटिंग्जमधून शेवटच्या ॲडमिनला सहसा खाली उतरू देत नाही. मग भाच्याला कसं जमलं? माझा अंदाज असा: त्यानं कुठलातरी व्हिडिओ बघून हे जन्मजात खातं चालू केलं, त्याच्या आधारानं तुमचं खाली उतरवलं, आणि जाताना शहाणपणानं ते पुन्हा बंद केलं. विंडोजला त्या क्षणी दोन ॲडमिन दिसत होते, म्हणून ते गप्प बसलं. भाच्याला एकदा फोन करून विचारा. त्यानं त्या खात्याला पासवर्ड घातला असेल तर तो पुढं लागणार आहे.

विंडोज बनवणाऱ्यांनी अशा प्रसंगासाठी एक मागचं दार ठेवलंय, आणि ते चोरदार नव्हे, त्यांनी सांगून ठेवलेलं दार आहे. मशीनवर चालू असलेला एकही ॲडमिन उरला नसेल, तर सेफ मोडमध्ये हे बंद असलेलं जन्मजात खातं आत येऊ देतं. एखादा जरी ॲडमिन चालू असला तरी येऊ देत नाही. म्हणून तर आधी यादी बघायला लावली.

सेफ मोडला जाण्यापूर्वी 'धिस पीसी' उघडा आणि सी ड्राइव्हच्या चित्रावर छोटं कुलूप दिसतंय का बघा. दिसत असेल तर इथंच थांबा आणि खाली कुलुपाबद्दल लिहिलंय ते आधी वाचा. तुमचं मशीन जुनं आणि असेंबल केलेलं आहे, त्यामुळं बहुधा नसेल. दुसरं म्हणजे ऑर्डरींची फाइल आणि फोटो आत्ताच पेन ड्राइव्हवर घ्या. त्याला ॲडमिन लागत नाही. चटणीच्या ऑर्डरी तीन वर्षं एकाच डिस्कवर ठेवल्यात, हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला.

आता काम. स्टार्टमधल्या पॉवरच्या चित्रावर जा, शिफ्ट दाबून धरा आणि धरलेलं असतानाच रीस्टार्ट निवडा. निळा पडदा येईल. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट. मशीन पुन्हा सुरू होताना आकड्यांची यादी दाखवेल, त्यातला ४ दाबा. कोपऱ्याकोपऱ्यात 'सेफ मोड' लिहिलेला काळा पडदा आला म्हणजे बरोबर ठिकाणी आलात. ते थेट तुमच्याच खात्यात शिरलं, तर साइन आउट करून लॉगिनच्या पडद्यावर या. तिथं 'ॲडमिनिस्ट्रेटर' हे नाव दिसेल. त्याला पासवर्ड कधीच घातला नसेल तर नुसतं एंटर.

आत गेलात की पुन्हा सीएमडी. आधी नुसतं नेट, स्पेस, यूजर, एंटर करून मशीनवरच्या खात्यांची खरी नावं बघा. इथं लोक हटकून अडकतात. पडद्यावर तुमचं पूर्ण नाव दिसत असतं, पण ईमेलनं उघडलेल्या खात्याला विंडोज बऱ्याचदा त्या ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं नाव देतं. माझ्या एका गिऱ्हाइकाचा ईमेल 'कोल्हापुरी' या शब्दानं सुरू व्हायचा. त्यांचं खातं मशीनच्या लेखी 'कोल्हा' झालं होतं. इंग्रजीत पाचच अक्षरं धरली, तेवढ्यात पुरी उडाली. महिनाभर ते स्वतःचं पूर्ण नाव टाइप करत होते आणि मशीन 'असा माणूस सापडत नाही' म्हणत होतं.

खरं नाव कळलं की: नेट, स्पेस, लोकलग्रुप, स्पेस, ॲडमिनिस्ट्रेटर्स, स्पेस, ते नाव, स्पेस, स्लॅश आणि त्याला चिकटून ॲड. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ. एंटरच्या वरची नव्हे, ती उलटी असते. नावात मध्ये जागा असेल तर नाव दुहेरी अवतरणात घाला. काम झालं असं सांगणारी एक ओळ येईल. 'ॲक्सेस इज डिनाइड' आणि एरर ५ आली, तर तुम्ही अजून तुमच्या जुन्या खात्यातच बसलाय.

रीस्टार्ट करा, नेहमीसारख्या आत या, प्रिंटरचा ड्रायव्हर घाला. 'येस' दाबलं जाईल.

पण इथं उठू नका. आता एक वेगळं ॲडमिन खातं तयार करा, त्याला चांगला पासवर्ड द्या, तो कागदावर लिहा, त्या खात्यातून एकदा आत जाऊन बघा, आणि मगच वाटलं तर स्वतःचं खातं पुन्हा स्टँडर्ड करा. भाच्यानं जे करायला हवं होतं ते हे. जन्मजात ॲडमिनिस्ट्रेटर रोज वापरायच्या फंदात पडू नका. त्याला तो परवानगीचा चौकोन येतच नाही, जे चालवाल ते न विचारता चालतं, व्हायरससुद्धा. सेफ मोडमधून बाहेर पडल्यावर ते आपोआप पुन्हा बंदच राहतं, तसंच राहू द्या.

सेफ मोडमध्ये ते नाव दिसलंच नाही, किंवा त्याला कुणालाच न आठवणारा पासवर्ड निघाला, तर पुढचे उपाय फोनवर सांगण्यासारखे नाहीत. तिथं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात, हात घालावा लागतो, आणि तिथली चूक महाग पडते.

आता कुलपाबद्दल, कारण हे वाचणाऱ्या बाकीच्यांकडं नवे लॅपटॉप असतील. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत शिरलात, की डिस्क आपोआप कुलूपबंद होण्याची, म्हणजे किल्लीशिवाय आतलं काहीच वाचता न येण्याची, शक्यता मोठी असते. मालकाला पत्ताही नसतो. मग कुणी सेफ मोडला जायला गेला किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) खुडबुड केली, की निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती किल्ली माझ्याकडं नसते, दुकानदाराकडं नसते, कंपनीच्या फोनवरच्या माणसाकडंही नसते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं मशीन पहिल्यांदा सुरू केलं, त्या खात्यात ती बहुतेक वेळा आपोआप साठवलेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून त्या खात्यात शिरायचं, उपकरणांच्या यादीत आपलं मशीन शोधायचं आणि किल्ली उतरवून घ्यायची. एकापेक्षा जास्त किल्ल्या दिसल्या तर निळ्या पडद्यावरच्या ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरं जुळवून बघायची. आणि किल्ली कुठंच सापडली नाही, तर आतला डेटा गेला. इथं कोण कितीही मोठा हुशार असला तरी चालत नाही. 'आम्ही काढून देतो' म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा.

एकदा एक गृहस्थ वडिलांचा लॅपटॉप घेऊन आले. वडील जाऊन सहा महिने झाले होते, आणि आतमध्ये शेतीच्या कागदांचे स्कॅन होते. पडद्यावर तीच निळी पाटी. वडिलांच्या खात्यात शिरायला गेलो तर कोड जाणार वडिलांच्या नंबरवर, आणि ते सिम यांनीच 'उगाच रिचार्ज कशाला' म्हणून बंद केलेलं. बहीण सोबत होती. मी सहज पर्यायी ईमेल बघितला तर चार टिकल्यांच्या आधी दोन अक्षरं दिसत होती. ती म्हणाली, 'हा माझाच आहे, कॉलेजात असताना बाबांना मीच खातं काढून दिलेलं.' तिनं तो जुना ईमेल मोबाइलवर उघडला, कोड आला, किल्ली मिळाली. दोघंही भावंडं समोर असतानाच मी मशीन उघडलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो, की तुमच्या खात्याला जोडलेला नंबर आणि ईमेल आजही चालू आहे का. ही माहिती सगळीच्या सगळी बदलायला गेलं तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबवतं, तेव्हा मशीन अडल्यावर हे करू म्हणून चालत नाही.

किल्ली कागदावर लिहिणार असाल तर तो कागद कुठं ठेवताय तेही बघा. २०१९ च्या पुरानंतर शाहूपुरीतल्या एका घरातून असा कागद माझ्याकडं आला होता, तळच्या खणातल्या फाइलीला चिकटून. ४८ पैकी एकतीस आकडे वाचता आले. वरच्या मजल्यावर आणि दुसऱ्या नातेवाइकाकडं, अशा दोन प्रती बऱ्या.

मशीनवरचा ॲडमिन आहे, पण त्याचा पासवर्डच आठवत नाही, अशीही माणसं येतात. खातं मायक्रोसॉफ्टचं असेल तर मोबाइलवरून पासवर्ड बदलायचा, मशीनला नेट जोडायचं आणि नवा पासवर्ड टाकायचा. पिन आणि पासवर्ड वेगळे असतात हे मात्र लक्षात ठेवा. पिन त्या एका मशीनपुरता, पासवर्ड खात्याचा. काउंटरवरचा निम्मा घोळ या दोघांचा असतो. खातं नुसतं मशीनवरचं असेल, तर २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये खातं काढताना तीन सुरक्षा प्रश्न विचारतात. पासवर्ड चुकला की खाली 'रीसेट पासवर्ड' दिसतं, तिथं त्यांची उत्तरं द्यायची. त्यात एक प्रश्न आहे, तुमचे आईवडील कोणत्या शहरात भेटले. आमच्याकडं आईवडील भेटले ते कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात, आणि तो आजोळी झाला का मामाच्या घरी, यावरून एका घरात माझ्यासमोर भांडण झालेलं आहे.

उत्तरंही आठवत नसतील तर शेवटी सगळं पुसून विंडोज नव्यानं घालणं, हाच सरळ मार्ग. त्याआधी, डिस्कला कुलूप नसेल तर, उबुंटूच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली) पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून डेटा बाहेर काढता येतो. फॉरमॅट मारणाऱ्याला हे आधी करायला लावा. त्याला येत नसेल तर माणूस बदला. लॉगिनच्या पडद्यावरची एक फाइल बदलून आत शिरायची जुनी युक्ती व्हिडिओंत सापडेल. आता विंडोजचा पहारेकरीच ती बऱ्याचदा पकडतो, आणि अर्धवट झाली की आगीतून फुफाट्यात. मी ती लिहीत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी कीबोर्ड बघा. एक निवृत्त गुरुजी रिक्षानं सीपीयू घेऊन आले. 'पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, पण घेत नाही.' मी चौकटीतल्या डोळ्याच्या चित्रावर दाबून ठेवलं, तर आत देवनागरी अक्षरं. नातवंडानं मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून ठेवला होता. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलली, उघडलं. पैसे घेतले नाहीत, पण रिक्षाचं भाडं त्यांचं गेलंच. पिन आकडी असेल आणि आकडे उमटत नसतील तर नमलॉक. चुकीचे पासवर्ड मारत सुटू नका. नव्या विंडोज ११ वर दहा चुकांनंतर खातं दहा मिनिटं अडवलं जातं.

मॅक असेल तर रिकव्हरीत जाऊन पासवर्ड बदलता येतो, पण तिथंही डिस्क कुलूपबंद असेल तर ॲपल खातं किंवा रिकव्हरी किल्ली लागते. लिनक्सवाले हे वाचत नसतात.

एक गोष्ट मी सगळ्यांना विचारतो, तुम्हालाही विचारली असती: मशीन तुमचंच ना? मित्राचा, बायकोचा, ऑफिसचा लॅपटॉप मी त्याच्या मालकाशिवाय उघडत नाही. ऑफिसच्या मशीनचा ॲडमिन ऑफिसनं मुद्दाम स्वतःकडं ठेवलेला असतो. दुसऱ्याच्या मशीनमध्ये परवानगीशिवाय, अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूनं शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तर ताई, रविवारी दुपारी ऑर्डरींची गडबड नसेल तेव्हा सावकाश बसा. अडलात तर पडद्याचा फोटो काढून ठेवा, 'काहीतरी इंग्रजीत आलं' असं सांगू नका. आणि माझ्यासारख्या कुणाकडं मशीन न्यायची वेळ आलीच, तर नुसता सीपीयू न्या, सोबत खात्याला जोडलेला मोबाइल आणि मशीनचं बिल. मॉनिटर घरीच राहू द्या, आमच्याकडं आधीच ठेवायला जागा नसते.